पिल्लू धीट कसे होते?

कुरळ्या, लोकरीसारख्या केसांचा पूडल कुत्रा तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. त्याच्या केसांची तऱ्हेतऱ्हेची कापणी पाहून हा नुसता शोभेचा प्राणी आहे, असे वाटते. पण तो मोठा हुशार आणि कामाचा कुत्रा आहे. शिकाऱ्याने मारलेली बदके पाण्यात पोहत जाऊन आणायची, हे त्याचे पूर्वीचे काम. 'पूडल' हे नाव ज्या जर्मन शब्दावरून आले, त्याचा संबंधही पाण्यात खेळण्याशी आहे.

अशा हुशार जातीचे पिल्लूही कधी कधी भित्रे निघते. दारावरची घंटा वाजली की ते पलंगाखाली लपते. पाहुणा जवळ आला की गुरगुरते. भ्यालेला कुत्रा पुष्कळदा चावतो आणि चावणारा कुत्रा कोणालाच नको असतो. मग त्याला दिवसभर साखळीने बांधतात, नाहीतर रस्त्यावर सोडून देतात. "त्याचा स्वभावच तसा," असे लोक म्हणतात. स्वभावाचा वाटा असतो, हे खरे. पण सगळा दोष त्या बिचाऱ्याचा नसतो.

अमेरिकेतील बार हार्बर या गावी शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही पिल्ले आईबरोबर उंच कुंपणाच्या आत ठेवली. तेथे त्यांना माणसांचा सहवास नव्हता. मग वेगवेगळ्या वयाची पिल्ले बाहेर आणून त्यांना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात ठेवले. तीन ते पाच आठवड्यांची पिल्ले थोड्याच वेळात जवळ येऊन खेळू लागली. सात आणि नऊ आठवड्यांची आधी बुजली. जी चौदा आठवडे माणसाविना वाढली, ती रानातल्या जनावरासारखी दूरच पळत राहिली.

म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, ते त्याला आपले वाटू लागते. पिल्लू साधारण दोन महिन्यांचे झाल्यावर घरी आणतात. म्हणजे आपल्या हातात फार थोडे दिवस उरतात!

येथे एक अडचण येते. रोगप्रतिबंधक लसी पूर्ण व्हायला पिल्लू चार महिन्यांचे व्हावे लागते. तोपर्यंत त्याला घाणीत किंवा अनोळखी कुत्र्यांत सोडणे धोक्याचे असते. मग काय करावे? त्याला कडेवर घेऊन बाहेर न्यावे. रिक्षाचा आवाज, छत्री, टोपीवाले आजोबा, बुरखा घातलेल्या खाला, पळणारी मुले हे सारे त्याला दुरून दाखवावे आणि खाऊचा एखादा तुकडा द्यावा. ते बुजले, तर ओढत पुढे नेऊ नये. चार पावले मागे यावे. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने ते लाडावते, ही समजूत चुकीची आहे.

पूडलला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. त्याचे केस फारसे गळत नाहीत, सारखे वाढत राहतात. विंचरले नाहीत, तर त्यांच्या गाठी होतात आणि कातडी ओढली जाऊन दुखते. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी केस कापणे आले, तेही जन्मभर. पिल्लाचे पंजे, कान आणि तोंड रोज थोडा वेळ हळूच हाताळावे. मग केस कापायचे मशीन दूर ठेवून सुरू करावे आणि पिल्लाला खाऊ द्यावा. दोन-चार दिवसांनी बंद मशीन त्याच्या पाठीला लावावे. त्यानंतर चालू मशीन लावावे, पण केस कापू नयेत. घाई करणाऱ्याचे काम येथे बिघडते. एकदा धरून, दाबून केस कापले, की पुढे प्रत्येक वेळी झटापट ठरलेली.

पूडलची सर्वांत लहान जात दहा इंचांहून उंच नसते. तिचे पिल्लू इतके गोड दिसते, की घरातले लोक त्याला खाली ठेवतच नाहीत. हा लाड त्याला महागात पडतो. त्याला घरात स्वतः चालू द्यावे, पायरी चढताना धडपडू द्यावे. पाहुणे आले, तर त्यांनी त्याच्यावर झडप घालू नये. खाली बसावे आणि वाट पाहावी. थोड्या वेळाने पिल्लू आपण होऊन येते, बोटे हुंगते आणि शेपटी हलवते.