दिसणारे अक्षर, साठवलेले अक्षर

कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टंकित करायचा तर कळफलकावर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच कळा दाबाव्या लागतात. पडद्यावर, बटर पेपरवर आणि छापील पानावर 'मराठी' असेच उमटते. संगणकाच्या लेखी मात्र तिथे ती पाच इंग्रजी अक्षरेच असतात. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर पानाचे चित्र पाहत नाही. साठवलेली अक्षरे उचलतो आणि तीच म्हणून दाखवतो. 'पिता' असे छापलेले असेल तिथे त्याला एफ, आय, आर, के मिळतात. डीटीपीतल्या मराठीच्या नेहमीच्या तक्रारी म्हणजे फॉन्ट उडाला, वेलांटी सरकली, फाइलमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, अंधांना फाइल वाचता येत नाही. वरवर वेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारींचे मूळ एकच आहे : पानावर दिसते एक आणि फाइलमध्ये असते दुसरेच.

हे असे का झाले, याचे उत्तर १९८५ च्या आसपास सापडते. त्या वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि आल्डस कंपनीचा पेजमेकर हे तिघे एकत्र आले आणि टेबलावरच्या संगणकातून पान जुळवण्याचा धंदा उभा राहिला. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी २५६ घरे असत, त्यांतली काही यंत्राच्या कामासाठी राखीव. इंग्रजीला ती पुरून उरत. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार आणि मात्रा मात्र एवढ्या घरांत मावणे शक्य नव्हते. मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा 'ग' एका घरात, काना दुसऱ्या घरात. दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण 'ग' झाला. खिळ्यांच्या काळात जुळारी जे हाताने करत होता, तेच आता कळफलकावर होऊ लागले.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान अक्षराचे तुकडे न साठवता उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवत असे. त्याच विचारातून आलेली इस्की संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. पण पेजमेकर किंवा कोरलड्रॉ यांना इस्की कळत नव्हती. त्यांना हवा होता साधा इंग्रजी पद्धतीचा फॉन्ट. म्हणून श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आणि खुद्द सी-डॅकचे फॉन्टसुद्धा पानावर उतरताना तुकड्यांचीच वाट धरत. त्यात प्रत्येकाने तुकडे आपापल्या घरांत ठेवले. एकाच्या 'क'च्या घरात दुसऱ्याचा 'द्य' असू शकतो. त्यामुळे एका कार्यालयातली फाइल दुसऱ्या कार्यालयात गेली की पानभर अगम्य चिन्हे उभी राहत. ऑपरेटर त्याला 'फॉन्ट उडाला' म्हणतो. प्रत्यक्षात उडालेले काहीच नसते. मुखवटा तेवढा निघालेला असतो.

या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेणे हे डीटीपी कार्यालयातले सर्वांत किचकट दुरुस्तीकाम. कन्व्हर्टर नावाची साधने पुष्कळ आहेत, पण काम नुसते एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवण्याचे नाही. टंकलेखन यंत्राच्या चालीने जाणाऱ्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते, कारण ती नंतर उच्चारली जाते. 'स्थिती' या शब्दात तिला 'स्' आणि 'थ' अशी दोन्ही घरे ओलांडून पलीकडे जावे लागते. रफाराचा प्रवास उलटा. 'मूर्ती'मध्ये तो डोळ्याला शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही नंतर दिसतो. युनिकोडमध्ये तो 'त'च्या आधी हवा. कन्व्हर्टरला हे जमले नाही की 'मूतीर्', 'कीतीर्' असे शब्द तयार होतात. मराठी संकेतस्थळांचे जुने लेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे शब्द चांगले ओळखीचे असतील. मजकुरात मधूनच आलेले इंग्रजी शब्दही घात करतात : कन्व्हर्टरला वाटते हीसुद्धा देवनागरीच, आणि तो त्यांचीही निरर्थक जोडाक्षरे करून ठेवतो. म्हणून जाणकार ऑपरेटर आधी इंग्रजी शब्द वेगळे काढतो, मग मजकूर फिरवतो आणि नंतर रफार व पहिली वेलांटी यांच्यावर नजर ठेवून पुन्हा प्रूफ वाचतो.

युनिकोडने साठवण आणि दर्शन यांची कायमची फारकत केली. देवनागरीला तिथे १२८ जागा आहेत आणि त्या पुरतात, कारण जोडाक्षरे साठवायचीच नाहीत. 'क', हलन्त आणि 'ष' एवढेच साठवायचे; त्यांचा 'क्ष' करणे हे फॉन्टमधल्या नियमांचे आणि ते नियम चालवणाऱ्या प्रणालीचे काम. मराठीचे स्वतःचे प्रश्न मात्र इथेही उरले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत चुकला तर काय होईल ते सांगायला नको. दुसऱ्या शब्दातला आडवा रकार दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. दिसायला दोन्ही सारखे. शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर कोणी 'अ'वर अर्धचंद्र ठेवत असे, कोणी हिंदीतला 'ऍ' वापरत असे. एकाच पुस्तकात हे तिन्ही प्रकार सापडतात आणि शब्दसूची करणाऱ्याच्या हातात 'ॲ'च्या तीन स्वतंत्र रांगा येतात.

फाइल युनिकोडमध्ये असूनही पानावर अक्षरे फुटली, तर दोष बहुधा पान जुळवणाऱ्या प्रणालीच्या मांडणीत असतो. पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही. त्याची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर ओतला आणि वेलांटी भलत्या जागी गेली, हलन्त सुटे दिसू लागले, तर फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नसतो. परिच्छेदाच्या मांडणीत जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, आणि तोही परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये, म्हणजे पुढच्या प्रत्येक पानाला लागू होतो. भाषा 'मराठी' अशी नेमून देणेही तितकेच गरजेचे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देणारे फॉन्ट ही नेमणूक पाहूनच वळण बदलतात. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरे येतात आणि प्रूफ वाचणारा ऑपरेटरला बोल लावतो.

या सगळ्यानंतर फाइल पीडीएफ होते, आणि खरी गोम तिथे आहे. पीडीएफ १९९३ मध्ये जन्मली ती पान कुठेही नेले तरी तसेच दिसावे म्हणून. तिच्या पोटात शब्द नसतात. फॉन्टमधल्या अमुक क्रमांकाची आकृती तमुक जागी ठेवा, अशा सूचना असतात. आकृतीवरून अक्षर ओळखण्यासाठी सोबत एक तक्ता जोडता येतो. पण हा तक्ता एकेका आकृतीचे नाव सांगतो, क्रम फिरवत नाही. पानावर 'कर्म'च्या आकृती क, म, रफार अशा क्रमाने मांडलेल्या असतात. म्हणून अस्सल युनिकोड मजकुरातून केलेल्या पीडीएफमधूनही नक्कल केल्यावर 'कमर्' हाती येते. त्यावर उपाय पीडीएफच्या १.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे : आकृतींच्या गटाला त्याखालचा खरा मजकूर चिकटवून ठेवता येतो. निर्यात करणारी प्रणाली तो चिकटवते की नाही, यावर सारे अवलंबून.

परीक्षा करायला अर्धे मिनिट लागते. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये डकवायचा. जे तिथे उमटेल तेच शोधयंत्राला दिसते आणि तेच स्क्रीन रीडरला ऐकवता येते. छापखान्याकडे फाइल देण्यापूर्वी रंगांचे सेपरेशन तपासणारी कार्यालये ही परीक्षा क्वचितच करतात.

छापखान्याची एक नेहमीची सूचना तर या परीक्षेचा प्रश्नच मिटवते : 'फाइल कर्व्ह करून पाठवा'. कर्व्ह केले की अक्षराची नुसती रेघांची आकृती होते. समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो, प्लेट बरोबर निघते, म्हणून ही सवय रुजली आणि छपाईपुरती ती शहाणपणाचीच आहे. पण तीच फाइल नंतर संकेतस्थळावर चढवली जाते, तेव्हा तिच्यात मराठी सोडाच, कोणत्याच भाषेचे एक अक्षर शिल्लक नसते. छापायची फाइल आणि वाचायची फाइल वेगळी ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

मजकूर शाबूत राहिला तरी वाचकाला त्यातून वाट काढता यायला हवी. डोळस वाचक मथळा मोठ्या ठशावरून ओळखतो. स्क्रीन रीडरला ठसा दिसत नाही; त्याला 'हा मथळा', 'हा परिच्छेद', 'ही तक्त्यातली रांग' अशा खुणा लागतात. ऑपरेटरने मथळा निवडून नुसता ठळक आणि १८ पॉइंटचा केला, तर खूण उमटत नाही. मथळ्याची स्टाइल लावली तर निर्यातीत ती आपोआप उतरते. ओळ पुढे सरकवायला मारलेले एन्टर, रकाने जुळवायला दिलेल्या वीस-वीस स्पेस आणि शोभेची चौकट ही सगळी छापील पानावर निरुपद्रवी असतात. ऐकताना तिथे ठेच लागते. तीन रकान्यांच्या पानावर तर क्रमच बिघडतो. रकान्यांच्या फ्रेम एकमेकींना जोडलेल्या नसतील तर आधी चित्राची ओळ, मग तिसरा रकाना आणि शेवटी मथळा, असे वाचन होऊ शकते. चित्रांना पर्यायी वर्णन लागते, आणि पानाच्या माथ्यावर दरवेळी येणारे पुस्तकाचे नाव वाचनातून वगळावे लागते. वर्डमधून 'प्रिंट' करून पीडीएफ काढली तर या साऱ्या खुणा गळून पडतात. 'सेव्ह ॲज'ने काढली तर टिकतात.

भाषेची खूणही यातच येते. ती नसेल तर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो आणि 'चूल', 'चाक' यांतला 'च' दंततालव्य न राहता 'चिमणी'तल्या 'च'सारखा होतो. अर्थ कळतो, पण दोनशे पानांचे पुस्तक तसे ऐकणे हा छळच.

अंधत्वाइतकीच अंधुक दृष्टीची गोष्ट महत्त्वाची, आणि तिच्याकडे मराठी मांडणीत आणखी कमी लक्ष जाते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक असावा, असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो. फिकट केशरीवर पांढरे अक्षर त्यात बसत नाही. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने त्याच पॉइंटात मधले अक्षर रोमनपेक्षा लहान पडते, म्हणून आकार आणि ओळींतले अंतर दोन्ही वाढवावे लागते. अधोरेखन उकार कापते. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची ओळखू येणारी आकृतीच मोडते. इंग्रजी जाहिरातीत ही युक्ती शोभते. मराठीत तिने शब्दाची दातपडकी कवळी होते.

कायद्याने ही बाजू मोकळी सोडलेली नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा मिळाली. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी तो सर्वांत आधी भारताने मंजूर केला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या ४२ व्या कलमात माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मात्र प्रकाशकाने परवानगीसह जुनी फाइल दिली तरी काम सोपे होतेच असे नाही. ब्रेल करणाऱ्या प्रणालीला युनिकोड मजकूर लागतो, आणि हाती असते तुकड्यांच्या फॉन्टमधली पेजमेकर फाइल. अशा वेळी अनेकदा छापील पुस्तकच स्कॅन करून ओसीआरने मजकूर उचलणे अधिक लवकर होते. संगणकावर जुळवलेले पुस्तक पुन्हा संगणकात आणायला कागदाची वाट धरावी लागते, हा डीटीपीवर उगवलेला सूडच म्हणायचा.

सुगम पीडीएफसाठी आयएसओ १४२८९ हे मानक २०१२ पासून आहे आणि ते तपासणारी साधनेही मिळतात. खुणा आहेत का, भाषा नोंदली आहे का, प्रत्येक आकृतीला अक्षर नेमलेले आहे का, हे ती तपासतात. कृतिदेवमधल्या फाइलमध्ये प्रत्येक आकृतीला अक्षर नेमलेलेच असते, फक्त ते इंग्रजी असते. त्यामुळे यंत्राला तिथे खोट दिसत नाही. ती कानालाच सापडते. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर उतरवून घ्यायचा, मराठी आवाज निवडायचा, पडदा बंद करायचा आणि एक तक्त्याचे, एक चित्राचे व एक साधे अशी तीन पाने शेवटपर्यंत ऐकायची. रफार, रकान्यांचा क्रम आणि 'ॲ' यांतले काय बिघडले आहे ते या तीन पानांत ऐकू येते.