जहाज आठ तास थांबतं, आपल्या वाट्याला किती?

सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. या तीन गावांतल्या नोकरदाराला वेळेचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. सकाळची फास्ट पकडायची तर घराचं कुलूप किती वाजता लागलं पाहिजे, शेअर रिक्षाच्या रांगेत किती मिनिटं जातील, पुलावरच्या गर्दीत किती, हे त्याला तोंडपाठ असतं. परतताना शेवटच्या कर्जत लोकलपासून उलटं मोजत तो लग्नाच्या पंगतीतून उठतो. वेळापत्रकातला वेळ वेगळा आणि आपल्या हातात उरणारा वेळ वेगळा, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. पण हाच माणूस समुद्रसफरीचं बुकिंग करायला बसला की माहितीपत्रकावरचं 'बेटावर मुक्काम : सकाळी ८ ते सायंकाळी ४' हे वाक्य वाचतो आणि आठ तास आपलेच धरून चालतो. बेटावरच्या सहलीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका चुकीच्या बेरजेतून निघतात. थोडा वेळ थांबणाऱ्या जहाजावरून उतरताना आपण पैसे मोजून स्थळं विकत घेत नसतो, वापरता येतील असे तास विकत घेत असतो. सहल निवडायची ती त्या मापाने.

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या बंदरातून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज सुटू लागलं आणि अनेकांनी सिंगापूरला जाऊन घेतलेला हा अनुभव लोकल आणि टॅक्सीच्या अंतरावर आला. जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, त्याचं पहिलं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', आणि क्षमता सुमारे १,८०० प्रवाशांची. लक्षद्वीपची सफर घेतली तर चार-पाच रात्रींत बेटाच्या वाट्याला दिवस येतो तो एकच, बाकीचा काळ समुद्रावर. तिथल्या अगत्ती बेटाला एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल पाण्यात ते उभं राहतं आणि माणसं छोट्या होड्यांनी बेटावर नेली जातात. या होड्यांचं गणित कागदावर मांडून पाहावं. समजा हजार माणसं उतरणार आहेत, एका होडीत ५० बसतात, चार होड्या आहेत आणि एका जाण्यायेण्याला, चढउतार धरून, ४० मिनिटं लागतात. म्हणजे एकूण २० खेपा, प्रत्येक होडीच्या पाच, आणि सगळी माणसं उतरायला तीन तास २० मिनिटं. परततानाही तेवढीच. जो आधी उतरला तो आधी परतला असं धरलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठातले चार तास ४० मिनिटं येतात. त्यातून जेवणाचा एक तास आणि उशिरासाठी राखलेला अर्धा तास वजा केला की उरले जेमतेम तीन. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्षात ते कमीजास्त होतील, पण वजाबाकीचा प्रकार तोच राहील. म्हणून बुकिंगवाल्याला पहिला प्रश्न 'काय काय दाखवणार?' हा विचारू नये. 'जहाज धक्क्याला लागतं की होडीने उतरायचं, आणि आमचा गट कितव्या खेपेला?' हा विचारावा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सुट्टीवर जायचं ते घड्याळ विसरायला. तिथेही लोकलसारखी मिनिटं मोजायची तर घरी काय वाईट होतं? पण मोजायचं असतं ते निघण्याआधी, घरी बसून. ज्याने आधी मोजलं नाही त्यालाच बेटावर दर दहा मिनिटांनी मनगटाकडे पाहावं लागतं. याच्याच पोटात दुसरा गैरसमज दडलेला आहे: 'सात ठिकाणं' दाखवणारी सहल 'दोन ठिकाणं' दाखवणारीपेक्षा जास्त वसूल. तीन तासांत सात ठिकाणं म्हणजे प्रत्येकी २५ मिनिटं, आणि त्यातली निम्मी उतरणं, चढणं, माणसं मोजणं आणि न आलेल्या एका कुटुंबाची वाट पाहणं यात जातात. उरलेल्यात फोटो निघतो, एवढंच. एकाच लगूनमध्ये दोन तास घालवणाऱ्याला पाणी निवळलेलं दिसतं, मासे दिसतात, डोळा सरावतो. 'एवढ्या लांब येऊन एकच गोष्ट?' हा प्रश्न मनाला टोचतो हे कबूल. पण अगत्ती हे बेटच साडेसात किलोमीटरच्या आसपास लांब आणि अरुंद आहे. तिथे 'सात ठिकाणं' तयार करायची तर एकाच किनाऱ्याला सात नावं द्यावी लागतील.

'जहाजाकडून सहल घेणं म्हणजे लूट. बाहेर तीच निम्म्यात मिळते,' हे वाक्य तर सफरीहून परतलेला जो तो सांगतो. अर्धं खरं आहे. जहाजाची सहल महाग असते, पण त्या जादा रकमेत एक अदृश्य वस्तू असते. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज साधारणपणे थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबायला बांधील नसतं. २७ मार्च २०२४ ला आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' जहाजाचे आठ प्रवासी असेच मागे राहिले. त्यांनी खासगी सहल घेतली होती आणि परतीची वेळ उलटून गेली होती. जहाज अजून नांगरावर उभं दिसत होतं, तटरक्षक दलाची होडी त्यांना जहाजापाशी घेऊनही गेली, पण वर घेतलं गेलं नाही. मग अनेक देश ओलांडत, विमानं बदलत ते गॅम्बियाच्या बंजूलकडे निघाले, तर हवामान आणि भरतीओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलच्या डकारमध्ये भेट झाली. कप्तान निष्ठुर वागला असं म्हणता येईल, जगभर तसं म्हटलंही गेलं. पण तिकिटाच्या अटी कुणाच्या बाजूने होत्या यात शंका नव्हती. तेव्हा दरातला फरक हा विम्याचा हप्ता समजून पाहावा. विमा कधी घ्यायचा आणि कधी नाही हे जसं जोखमीवर ठरतं, तसंच इथेही. दीवला उतरलात तर १५३५ मध्ये पोर्तुगीजांनी उभारायला घेतलेला किल्ला, चर्च आणि 'खुकरी' युद्धनौकेचं स्मारक ही सगळी छोट्या बेटावरच आहेत. रिक्षा बिघडली तरी दुसरी मिळते, तिथे स्वतः फिरणं शहाणपणाचं. पण सिंगापूरहून निघालेल्या जहाजावरून फुकेतला उतरून फांग-ङाच्या उपसागरात किंवा फी फी बेटांवर जायचं असेल तर रस्ता, रहदारी आणि पुन्हा वेगळी स्पीडबोट अशा तीन अनिश्चित गोष्टी एकमेकींवर रचल्या जातात. तिथे हप्ता भरावा. फुकेतला आणखी एक गोम आहे. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरचीच वेळ पाळत असेल आणि खिशातला मोबाईल आपोआप थाई वेळ दाखवू लागला, तर 'अजून तासभर आहे' म्हणत माणूस शहाळं पीत बसतो आणि तिकडे शिडी उचलली जाते. उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून हातात बांधावं; मोबाईलवर विसंबू नये.

लक्षद्वीपच्या बाबतीत मात्र हा 'जहाजाची की आपली' वाद जवळजवळ निकालात निघतो. तिथे मनाला येईल तसं उतरता येत नाही. बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, त्यामागे १९६७ चे नियम आहेत, आणि जहाजाचे प्रवासी कंपनीने केलेल्या व्यवस्थेतूनच उतरतात. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी नियम आणखी कडक. उल्हासनगरच्या घराघरांतून कुणी दुबईला, कुणी हाँगकाँगला स्थायिक झालेलं असतं; अशा भाच्याला किंवा मेहुण्याला बरोबर न्यायचं ठरलं की हे बुकिंगआधी विचारावं. 'आपल्याच देशात परवाना कशाला?' असा राग येतो, पण बेटांचा आकार पाहिला की तो ओसरतो. ३६ बेटं मिळून लक्षद्वीपची जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्ती असलेली बेटं दहा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६४ हजार. उल्हासनगर १३ चौरस किलोमीटर. त्याच जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. म्हणजे अख्खा केंद्रशासित प्रदेश अडीच उल्हासनगरांएवढा, आणि माणसं आपल्या दोन-चार प्रभागांएवढी. अगत्तीत तेव्हा साडेसात हजार लोक राहत होते. तिथे १,८०० क्षमतेचं भरलेलं जहाज रिकामं झालं तर गावाच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाहुणे एका सकाळी दारात उभे राहतात. प्रवाळबेटावर नदी नसते. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, तेवढीच विहिरींची पुंजी. उल्हास नदीचं आणि बारवीचं पाणी नळाला येणाऱ्यांना हे लगेच ध्यानात येत नाही. शॉवर जहाजावरच घ्यावा आणि आपल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या परत न्याव्यात, यामागे हे साधं कारण आहे. बंगारम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे, आणि वस्ती मुख्यतः मुस्लिम, मलयाळम बोलणारी. पोहण्याच्या कपड्यांत गल्लीतून हिंडणं तिथे शोभत नाही.

'पोहता येत नाही, मग आपण किनाऱ्यावर बसून राहायचं,' असं मानणारे बरेच, आणि त्याउलट 'लगूनचं पाणी कमरेएवढंच, लाईफ जॅकेट कशाला,' म्हणणारेही तेवढेच. दोघेही चुकतात. तळाला काच असलेली होडी पोहता न येणाऱ्यांसाठीच असते, आणि जॅकेट घालून, प्रशिक्षकाचा हात धरून स्नॉर्केलिंग करता येतं. त्याला पोहण्यापेक्षा शांतपणे श्वास घेता येणं जास्त लागतं. पण लगून म्हणजे तलाव नव्हे. ओहोटीला पाणी खाचांतून बाहेर ओढलं जातं, आणि पायाखाली येतो तो दगड नसून जिवंत प्रवाळ असतं. त्यावर उभं राहिलं की पाय कापतो आणि प्रवाळ मोडतं. तिथल्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण लाटा सोसल्या आहेत आणि १९९८ पासूनच्या जवळपास पाव शतकात त्याचं आच्छादन निम्म्याच्या आसपास आलं आहे. जॅकेटबद्दल तर वाद घालण्याची वेळ गेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ती मुंबईच्या बंदरात, भर दुपारी. स्कूबाचा मोह ज्यांना आहे त्यांनी दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं फॉर्मवर लपवू नये. आणि ज्यांची सफर मुंबईला न परतता कोचीला संपून पुढे विमान आहे, त्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

शेवटचा गैरसमज खिशाला सर्वात जास्त लागतो: 'पैसे भरले म्हणजे बेट नक्की.' जहाजाचं तिकीट बहुधा प्रवासाचं असतं, अमुक बंदराच्या हमीचं नसतं. उंच लाटांत होड्या जहाजाला लावता येत नाहीत आणि कप्तान बेट वगळू शकतो. बंजूलला तेच झालं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो म्हणून 'एम्प्रेस' जहाज मोसम पाहून मार्ग बदलतं. जून २०२३ मध्ये ते चेन्नईहून श्रीलंकेला निघालं होतं. म्हणून कंपनीची सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का आणि किती दिवसांत, हे लेखी घ्यावं, आणि 'बेट दिसलं नाही तरी ही सफर आपल्याला चालेल का?' हे घरात आधीच बोलून टाकावं. ज्यांचं उत्तर 'नाही' आहे त्यांच्यासाठी जहाज हा मार्ग चुकीचा. त्यांनी कोचीहून विमानाने अगत्तीला जावं आणि दोन-तीन रात्री राहावं. आणि बेट मिळालं तर तिथून शंख-प्रवाळ पिशवीत घालू नये. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाळलेला तुकडाही त्यातच मोडतो.

आजी-आजोबांना न्यायचं का, यावर घरोघरी जी चर्चा अडते ती वयावर अडते, आणि तिथेही मोजमाप चुकतं. प्रश्न वयाचा नसून हलत्या होडीत पाय टाकण्याचा असतो, आणि तो घरात बसून सुटत नाही. त्याची तालीम जवळच होते. गेटवेहून घारापुरीला बोटीने तासभर लागतो, बोटीत चढताना तसाच हेलकावा असतो, आणि धक्क्यावरून छोट्या गाडीने पुढे गेल्यावर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या असतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवावी, त्यातून उलटं मोजत यावं आणि एक रविवार असा काढून पाहावा. गुडघे, डोकं आणि पोट काय म्हणतात ते तिथेच कळतं. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.