थांबलेले 'हॉक'

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर सरकारच्या मदतीने, बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. दुसरे महायुद्ध चालू होते. तेथे 'हॉक' हे अमेरिकन बनावटीचे लढाऊ विमान तयार करायचे ठरले. विमान जोडणे हे सायकल जोडण्यासारखे नसते, मुलांनो! पत्र्याचा एक खिळा सैल राहिला, तरी वैमानिकाच्या जिवावर बेतते. म्हणून आधी 'हार्लो' नावाचे लहान प्रशिक्षण विमान जोडले गेले. ते ऑगस्ट १९४१ मध्ये उडाले. जुलै १९४२ मध्ये पहिले 'हॉक' आकाशात झेपावले.

पण तोपर्यंत जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या. एप्रिल १९४२ मध्येच सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. नवी विमाने बनवण्यापेक्षा नादुरुस्त विमाने लवकर दुरुस्त करणे निकडीचे ठरले. मोजकीच 'हॉक' तयार झाली आणि काम थांबले. वालचंदांना किती वाईट वाटले असेल!

कामगार मात्र अमेरिकी विमाने दुरुस्त करता करता खूप शिकले. १९५१ मध्ये याच कारखान्यात तयार झालेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान उडाले. त्याचा आराखडा परदेशातून आला नव्हता, तो डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केला होता.