एका फाटकाभोवतीचे बावीस जण

इंग्लंडमधलं एखादं कुरण डोळ्यांसमोर आणा. हिरवागार उतार, दगडी गडगा आणि त्यात बसवलेलं एक लाकडी फाटक. पलीकडे मेंढ्या चरताहेत. जमीन शेतकऱ्याची, खासगी मालकीची. पण तिच्यावरून जाणारी वाट मात्र सगळ्यांची! कुणीही यावं, फाटक उघडावं आणि चालू लागावं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा किती असतील? सुमारे २,२५,००० किलोमीटर. पृथ्वीला पाच फेऱ्या मारूनही वाट शिल्लक राहील.

आता या एका फाटकाकडे नीट बघा. ते कसं असावं? शेतकरी म्हणेल, मेंढरू बाहेर जाता कामा नये. चालणारा म्हणेल, चटकन उघडावं. घोडेस्वार म्हणेल, कडीचा दांडा उंच हवा, खाली न उतरता हाताला लागला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या आजीला कुंपणावरून चढून जायच्या पायऱ्या नकोत. चाकाच्या खुर्चीला रुंदी हवी, बाबागाडीलाही हवी. एवढंसं फाटक, आणि त्याच्याभोवती केवढी गर्दी! ब्रिटनमध्ये तर अशा फाटकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानकच आहे, बीएस ५७०९.

मग या सगळ्यांचं ऐकायचं कुणी?

वाटेवरून भांडणं कशी पेटतात हे आपल्याला सांगायला नको. वहिवाटीचा दावा घेऊन तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवलेला माणूस आपल्या गावोगावी भेटतो. इंग्लंडमध्येही हे भांडण जुनंच. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम घुसले. तिथे जमीनदारांच्या शिकारीसाठी पक्षी राखलेले होते आणि चालणाऱ्यांना मज्जाव होता. राखणदारांशी झटापट झाली आणि त्यानंतर पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्यांच्या मागणीला देशभर कायद्याचं रूप यायला २००० साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने डोंगर, माळरानं आणि गावाच्या सामाईक जमिनी पायी फिरणाऱ्यांना खुल्या केल्या.

याच कायद्यात एक कलम आहे, ९४ वं. मला सगळ्यात थक्क करतं ते हे कलम. त्याने सांगितलं, प्रत्येक भागात एक सल्लागार मंडळ नेमा. त्याचं नाव लोकल ॲक्सेस फोरम. सभासदांना पगार नाही. हुकूम काढायचा अधिकार नाही. हातात फक्त सल्ला. पण कायद्याने त्या सल्ल्याला एक कणा दिला: स्थानिक प्रशासनाला तो विचारात घ्यावाच लागतो.

मंडळाची बांधणी तर आणखी बघण्यासारखी. इंग्लंडच्या २००७ च्या नियमांप्रमाणे सभासद कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २२. त्यात वाटा वापरणारे हवेत, जमिनीचे मालक आणि कसणारे हवेत, आणि त्या भागाशी जिव्हाळ्याचा संबंध असलेले इतरही हवेत. या सगळ्यांत वाजवी तोल राखायचा. नगरसेवकांसारखे निवडून आलेले लोक किती? मंडळ १६ जणांपर्यंतचं असेल तर फार तर दोन, त्याहून मोठं असेल तर तीन. म्हणजे राजकारणाला बसायला जागा आहे, पण पाय पसरायला नाही! बैठक वर्षातून किमान दोनदा, आणि तीही सगळ्यांना येऊन बघता येईल अशी.

पण खरी कसोटी पुढेच आहे. फुकट काम करणारी माणसं टिकवायची कशी?

घरातलं विरजण आठवा. सगळं दही संपवलं तर उद्याचं दूध कशाने लागणार? चमचाभर मागे ठेवावंच लागतं. मंडळाचंही तसंच आहे. नियमांनी नेमणूक एक ते तीन वर्षांची ठेवली आहे, आणि पुन्हा नेमणूकही करता येते. शहाणं प्रशासन सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपू देत नाही. काही जण जातात, काही राहतात. कोणता ओढा पावसाळ्यात वाट गिळतो, कुठल्या शेतकऱ्याला कसं समजवायचं, ही जाण राहिलेल्यांकडून नव्यांत उतरते. सगळेच जुने राहिले तर दही आंबतं. सगळेच नवे आले तर दूध दूधच राहतं.

आणि तोल? तो एकदा साधला म्हणून कायमचा साधत नाही. दिवसाढवळ्या बिनपगारी बैठकीला कुणाला येता येतं? ज्याला रजा मागावी लागत नाही त्याला. मग लहान मुलांची आई, पाळीवर काम करणारा कामगार, शहरातून बसने येणारी मुलगी हळूच गळून जातात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मात्र ते लक्षात आलं होतं! सभासदांचा प्रवासखर्च तर देता येतोच, पण बैठकीच्या वेळी मुलांना किंवा घरातल्या अवलंबून असलेल्या माणसाला सांभाळायला कुणी ठेवावं लागलं, तर तो खर्चही देता येतो. सरकारी नियमांच्या रूक्ष जंगलात ही ओळ सापडली आणि मी थबकलो. कुणीतरी त्या आईचा विचार केला होता. बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवणं, नव्या माणसाला आधी प्रत्यक्ष वाटेवर फिरवून आणणं, हे त्याच ओळीचे पुढचे अर्थ.

कारण बैठकीत जो नसतो, त्याची अडचण फाटकाला कळत नाही. तुम्ही कधी त्या कुरणात गेलात, तर फाटकाच्या कडीकडे जरूर बघा. तिचा दांडा लांब, वरपर्यंत आलेला दिसला तर समजा, घोड्यावर बसणाऱ्या कुणाचं तरी म्हणणं कुणीतरी ऐकलं होतं.