घटस्फोट : भांडून की बोलून?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हटले जाते. घटस्फोटाच्या बाबतीत मात्र हा सल्ला पूर्णपणे पाळता येत नाही. रूढीचा अपवाद वगळता हिंदू विवाह कायद्याखालील विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपुष्टात येतो. त्यामुळे पायरी चढावी की नाही यापेक्षा ती किती वेळा आणि कशासाठी चढावी, हाच खरा प्रश्न आहे. किनवट-माहूरहून नांदेडला किंवा उदगीर-निलंग्याहून लातूरला तारखेसाठी येणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि हाती पुढची तारीख पडते. एकमेकांवरील आरोप सिद्ध करण्यात वर्षे जातात. त्या वर्षांत मुले मोठी होतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये या कोंडीवर एक वेगळा मार्ग काढला. त्यास 'सहयोगी घटस्फोट' असे म्हणता येईल. यात पती-पत्नी आपापल्या वकिलांसह एकत्र बसतात आणि बोलणी चालू असेपर्यंत न्यायालयात जाणार नाही, असा लेखी करार करतात. बोलणी फिसकटल्यास दोन्ही वकिलांना प्रकरणातून बाहेर पडावे लागते आणि पुढच्या लढाईसाठी नवे वकील नेमावे लागतात. साहजिकच भांडण लांबवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत या पद्धतीसाठी नमुना कायदाही तयार करण्यात आला.

आपल्याकडील तरतूद

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र त्यातील मूळ विचार, म्हणजे आधी बोलून ठरवावे आणि मग न्यायालयाची मोहोर घ्यावी, हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. त्या वर्षी हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कलम १३-ब घालण्यात आले. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. लिंगायतांचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहांसाठी विशेष विवाह कायद्यात कलम २८ आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात परस्परसंमतीने विभक्त होण्यास 'मुबारात' म्हणतात.

कलम १३-ब नुसार पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असावेत. विभक्त राहणे म्हणजे वेगळ्या घरात राहणेच नव्हे. एका छपराखाली राहूनही पती-पत्नीचे नाते संपलेले असू शकते. दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनंतर, परंतु अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सहा महिन्यांची ही मुदत सक्तीची नसल्याचे स्पष्ट केले. समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी व मुलांचा ताबा यांचा निर्णय झाला असेल आणि विभक्त होऊन पुरेसा काळ लोटला असेल, तर न्यायालय ती माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही आपली संमती मागे घेता येते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नांदेड व लातूर येथे कौटुंबिक न्यायालये आहेत. समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयांचे कर्तव्य असून त्यासाठी समुपदेशकांची व्यवस्था असते. त्यांची हद्द जेथे पोहोचत नाही, तेथे अर्ज दिवाणी न्यायालयात करावा लागतो.

बाँडवरची फारकत

आपल्या भागात आणखी एक 'सोपा' मार्ग सर्रास वापरला जातो. बाँडवर फारकत लिहायची, चार पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रकरण मिटले असे समजायचे. जातीची रूढी अशा काडीमोडीस मान्यता देत असेल, तर कायदाही ती मानतो. पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते जमले नाही, तर पहिला विवाह कायम राहतो आणि त्यानंतर केलेले दुसरे लग्न अवैध ठरते. दुसऱ्या लग्नाच्या पत्नीला हे बहुधा पतीच्या मृत्यूनंतर, वारसाचा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला की कळते. नोटरीचा शिक्का म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे.

तडजोडीत काय असावे?

संमतीच्या अर्जाचे यश त्यामागील तडजोडपत्रावर अवलंबून असते. त्यात पोटगी एकरकमी की दरमहा, रक्कम कोणत्या तारखेला आणि कशी द्यायची, मुले कोणाकडे राहतील, दुसऱ्या पालकाने त्यांना केव्हा भेटायचे, शिक्षणाचा व आजारपणाचा खर्च कोण करणार, हे स्पष्ट लिहावे. स्त्रीधन, म्हणजे पत्नीचे दागिने व भेटवस्तू, तिचेच असते. त्याची यादी जोडावी. परस्परांविरुद्ध दाखल असलेल्या प्रकरणांचे काय करायचे, हेही ठरवावे. छळाचा फौजदारी गुन्हा आपसात मिटला म्हणून आपोआप संपत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जावे लागते.

बोलणी खरी व्हायची असतील तर दोघांनीही उत्पन्न लपवता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे, असे बंधन घातले. तोच नमुना तडजोडीपूर्वीही वापरता येईल. शेती, ठेवी, विमा, कर्ज सारे कागदावर आले की संशयाला जागा राहत नाही.

संमती की शरणागती?

हा मार्ग सर्वांसाठी नाही. जेथे मारहाण आहे, धमकी आहे, मुलांना अडकवून ठेवले आहे, तेथे टेबलाच्या दोन बाजू समान नसतात. अशा वेळी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली प्रथम संरक्षण मागावे. संयुक्त अर्जासाठी दोघांचा एकच वकील असण्याची पद्धत दिसते. परंतु सही करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र सल्ला घेणे हिताचे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही माहिती माहेरच्यांनी अवश्य ठेवावी.

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अपील करता येत नाही. म्हणूनच सहीची घाई करू नये. मुलांविषयीचे आदेश मात्र परिस्थिती बदलल्यास न्यायालय बदलू शकते, कारण आई-वडिलांचे पती-पत्नी म्हणून असलेले नाते संपले तरी पालकत्व संपत नाही. उद्या मुलीच्या लग्नात दोघांना एका मांडवात उभे राहायचे असते. ते शक्य व्हावे, यासाठी वेगळे होतानाच शब्द जपून वापरावेत.