आधी वाटणी, मग पाणी

हुबळीजवळच्या तारिहाळच्या कारखान्यांपासून नवलगुंद-नरगुंदची काळी रानं फार लांब नाहीत. सवदत्तीजवळच्या, मलप्रभा नदीवरच्या नविलुतीर्थ धरणाचे पाणी त्या रानांना मिळायचे होते. वरच्या भागात जादा पाण्याची पिके आली, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चाऱ्या कोरड्या राहिल्या आणि सुधारणा कर मात्र सगळ्यांच्या दारात पोचला. जुलै १९८० मध्ये शेतकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. पाणी महाग केले की वापर आपोआप शहाणा होतो, असे अजूनही सांगणाऱ्या अर्थपंडितांनी हे प्रकरण एकदा वाचावे. जे पाणी ना मोजून मिळते ना वेळेवर, त्याची पट्टी म्हणजे दंडच.

पाणी कुणाला किती द्यायचे, या निर्णयाच्या शास्त्रीय पद्धती पुष्कळ झाल्या. रेषीय प्रोग्रॅमिंग आले, निकषांना भार देणारी गणितज्ञ साटी यांची पद्धत आली, आता उपग्रह आहेत. येवा आणि पिकाची गरज काढायला ही साधने उत्तमच. पण उत्पन्नाला किती भार द्यायचा आणि टेलच्या ज्वारीला किती, हे यंत्र ठरवत नाही. त्यापुढे बसलेला माणूस ठरवतो. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीने हा प्रश्न शेताच्या मांडणीतच सोडवला होता. पांझरा-मोसमवरच्या बंधाऱ्यांखालचे क्षेत्र फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याच्या जमिनी शक्यतो निरनिराळ्या फडांत. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचा. तूट सगळ्यांच्या वाट्याला येई, पाटकऱ्याला कुणाचे तोंड पाहावे लागत नसे. निर्णय पेरणीआधी, चारचौघांत होई. हेच मला कोणत्याही प्रारूपाहून मोलाचे वाटते. पुढे वर धरणे झाली, विहिरी वाढल्या, ज्याचे त्याचे पाणी झाले; फड विस्कटले आणि फडाची बैठकही गेली.

हे बंधाऱ्यापुरते ठीक, मोठ्या प्रकल्पाला कसे पेलणार, हा आक्षेप जुना आणि रास्त आहे. फड जसेच्या तसे मलप्रभेवर आणा असे कोणी म्हणत नाही. पण दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलपासून सुरुवात केली आणि पुढे २४ पाणीवापर संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. घनमापनाने पाणी घ्यायचे आणि संस्थेने आतली वाटणी करायची, एवढ्यावर ते चालले. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने पाण्याच्या हक्कदारीला आधार दिला. २०११ च्या दुरुस्तीने शेती, शहर, उद्योग यांतली वाटणी पुन्हा मंत्रिमंडळाकडे नेली. नियम अडचणीचा ठरला की निर्णयाची जागाच हलवायची, हे तंत्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसते.

म्हादई नदीच्या पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेल्या १३.४२ टीएमसीपैकी कळसा-भंडुरातून मलप्रभेत वळवायचे आहे ३.९ टीएमसी, आणि तेही पिण्यासाठी. ते आले तरी नवलगुंदच्या टेलला कोणते आवर्तन, कोणत्या पिकाला आणि कोणाच्या बैठकीत ठरून मिळणार, हे लवादाने सांगितलेले नाही. ते त्याचे कामही नव्हते.