घरातील छायाचित्रांचे वाचन (भाग सातवा) : टाकीवरचे नाव झाकलेली फटफटी

जुन्या कौटुंबिक छायाचित्रात मोटारसायकल असली की तिची ओळख प्रथम टाकीवरच्या नावावरून शोधली जाते, आणि नेमके तेच नाव अनेकदा दिसत नाही. कारण टाकीवर बसवलेले मूल, कोणाचा तरी हात किंवा खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार त्यावर आलेला असतो. धाराशिव जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, बोलीचीही अडचण आहे : जुन्या पिढीच्या तोंडी प्रत्येक मोटारसायकल ही ‘फटफटी’ होती, आणि पुढे ‘बुलेट’ हे एकाच गाडीचे नाव कोणत्याही धिप्पाड गाडीला सहज चिकटले. म्हणून ‘आजोबांची बुलेट’ ही घरातील आठवण पुरावा न मानता तपासून पाहण्याचे विधान मानावी. मागील भागात पेहरावाचा विचार झाला. या भागात यंत्राच्या सांगाड्याचा आहे.

तपासणीपूर्वी छायाचित्र उलटे छापलेले नाही याची खात्री करावी लागते. निगेटिव्ह उलट बाजूने ठेवून छापल्यास डावे-उजवे बदलते, आणि यंत्राची ओळख तर पुष्कळशी डाव्या-उजव्यावरच उभी असते. पुरुषाच्या सदऱ्याचा डावा पल्ला उजव्यावर येतो; तो उलट दिसला तर संशय घ्यावा. जुन्या बुलेटचा गिअर, किक आणि सायलेन्सर उजवीकडे असत, तर जावा या मोटारसायकलीचा किकचा दांडा डावीकडे असून तोच फिरवून गिअरसाठी वापरला जाई.

यानंतर दृष्टी टाकीकडे न नेता मागच्या चाकाकडे न्यावी. जुन्या गाड्यांत हे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे आणि धक्का सोसण्याचे काम एकट्या सीटखालच्या दोन उघड्या स्प्रिंगांवर पडे. नंतरच्या गाड्यांत चाक एका हलत्या कैचीत बसवून तिच्या दोन्ही बाजूंना शॉकअप देण्यात आले. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारी जोडी, अशाच प्रकारे बोलतो : नळ्यांच्या चौकटीपुढे एक मोठी स्प्रिंग दिसली तर तो गर्डर चिमटा होय, आणि नळीत सरकणारी नळी दिसली तर टेलिस्कोपिक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली ५०० सीसीची बीएसए एम-२० गर्डर चिमट्याची होती, तर त्याच युद्धातील मॅचलेस जी-३एल या गाडीला १९४१ पासूनच टेलिस्कोपिक चिमटा होता. म्हणजे केवळ चिमट्यावरून दशक ठरवणे धोक्याचे. शिवाय लष्कराने विकून टाकलेल्या गाड्या युद्धानंतर कित्येक वर्षे धावत राहिल्या. यंत्र छायाचित्राची फक्त पलीकडची सीमा सांगते, अलीकडची नव्हे : ते त्या गाडीच्या जन्माआधी काढलेले असू शकत नाही, इतकेच.

स्वातंत्र्यानंतरच्या छायाचित्रांत शोध बहुधा तीन नावांवर येतो. मागे हलती कैची असलेली रॉयल एनफील्ड बुलेट इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये आली आणि १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाने ती मद्रासला बनवण्यास आरंभ केला. तिची खूण म्हणजे हेडलाइटच्या मोठ्या टोपणावर दोन्ही बाजूंना असलेले छोटे दिवे. १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेल्या जावाला दोन्ही बाजूंना सायलेन्सर असे आणि तिची चाके १६ इंची होती, तर बुलेटची १९ इंची. छायाचित्र पुसट असले तरी चाक आणि माणसाचा गुडघा यांची तुलना करता येते. तिसरी राजदूत, पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली १७५ सीसीची, अंगाने सडसडीत आणि ओळखायला सोपी. बुलेट मात्र, हे मान्य केले पाहिजे, काळ सांगण्याच्या बाबतीत फार कंजूष आहे, कारण तिचे बाह्यरूप दशकानुदशके जवळजवळ तसेच राहिले.

अशा वेळी नंबरप्लेट उपयोगी पडते. ‘एमएच २५’ ही धाराशिवची ओळख १९८९ नंतरची. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. छायाचित्राच्या पाठीमागे ‘जिल्हा उस्मानाबाद’ (धाराशिवचे आधीचे नाव) एवढेच लिहिलेले असेल, तर ते ठिकाण लातूरही असू शकते, कारण लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील दप्तरात फसली सन चाले. त्यामुळे पाठीमागचा १३५५ हा आकडा हिजरी किंवा शक समजून चालणार नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलणाऱ्या या सनात ५९० मिळवले की वर्षाच्या आरंभीचे इसवी साल मिळते, आणि जानेवारीनंतर ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे १३५५ फसली हे १९४५-४६ होय. सोलापूर व बार्शी मात्र शेजारी असूनही ब्रिटिश मुंबई प्रांतात होती, तेव्हा तेथील स्टुडिओच्या शिक्क्याखाली इसवी सनाचीच अपेक्षा ठेवावी.

गाडी कोणाची, हा प्रश्न छायाचित्र सोडवत नाही. पाहुण्याच्या किंवा साहेबाच्या गाडीवर बसून फोटो काढण्याची हौस सर्वत्र होती. मालकी आरसी बुकावरूनच सिद्ध होते. वाचकांना विनंती अशी की, अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेले छायाचित्र पाठ वाचण्यासाठी ओढून काढू नये, आणि जे सुटे असेल त्याच्या पुढची व मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवाव्यात.

(पुढील भागात : स्टुडिओचे रंगवलेले पडदे)